जागा वाढते म्हणे

१७ फेब्रु. सोमवार

घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. दहावीची परीक्षा शुक्रवारपासून, मला रोज सुपरव्हिजन, आणि आज हेडसरांनी मधल्या सुट्टीत बोलावून घेतलं. विज्ञान दिनाला, २८ ला, गावासाठी व्याख्यान ठेवलंय. पुण्याचे एक प्राध्यापक येणार होते, त्यांनी जमत नाही म्हणून कळवलं. विषय: विश्वाची उत्पत्ती. सर म्हणाले, "मॅडम, तुम्हीच उरकून टाका."

उरकून टाका! विश्वाची उत्पत्ती म्हणजे काय बादलीभर धुणं आहे?

म्हटलं, सर, 'पाण्याचे महत्त्व' घेऊ का? ते माझं तयार आहे, दरवर्षी तेच देते. तर म्हणे पत्रिका छापून आल्यात, वर सरपंचांचा फोटो आहे, आता बदल नाही. म्हणजे फोटो छापला की विश्वालासुद्धा सुरू व्हावंच लागतं.

घरी आले तर आबा, माझे सासरे, म्हशीशी बोलत होते. म्हणजे खरं तर भिंतीपलीकडे राहणाऱ्या आपल्या धाकट्या भावाशी, आप्पांशी. गेल्या पेरणीपासून दोघांचा अबोला आहे. बोलायची वेळ आलीच तर आमची चंद्री मधे घालतात, ती भिंतीलगतच असते.

आबा: "चंद्रे, सांग त्याला, मोटर बंद कर म्हणावं. माझी पाळी हाय."

पलीकडून आप्पा: "चंद्रे, सांग त्याला, पाच मिण्टं दम धर म्हणावं. हाडं थकली तरी घाई जाईना."

चंद्री रवंथ करत उभी. कुणाचीच बाजू घेत नाही. घरात तेवढी एकच शहाणी आहे.


१९ फेब्रु. बुधवार

शिवजयंतीची सुट्टी. मांडणी घासायला काढली, तर अलकाची वाटी पुन्हा हातात आली.

अलका म्हणजे आप्पांची सून, माझी चुलतजाऊ. सासरी आल्यापासून मैत्रीण अशी मला तीच. रोज चारचा चहा आम्ही भिंतीच्या दोन बाजूंना उभ्या राहून, कोपरं भिंतीवर टेकून प्यायचो. पेरणीच्या आधी तिनं शेंगदाण्याची चटणी दिली होती ह्या वाटीत. तिच्या रुखवतातली, नाव घातलेली. त्याच आठवड्यात आप्पांच्या ट्रॅक्टरनं नांगरताना बांध कोरला, हातभर जागा खाल्ली, म्हणून आबा उसळले. आप्पा म्हणतात कोरलाच नाही. झालं. वाटी माझ्याकडे अडकली. रिकामी परत द्यायची नसते, आणि भरून द्यावी तर आबांचं फर्मान, त्या घरात चिमूटभर मीठ जायचं नाही.

आता आम्ही शिरूरच्या बाजारात भेटतो. मेथीच्या जुड्यांआड, चोरासारख्या. दोन-दोन मुलांच्या आया आम्ही!

आबांनी मोजणीचा अर्ज टाकलाय. १२ मार्चला सरकारी माणूस मशीन घेऊन येणार. मोजणी झाली की हद्दीचे दगड रोवणार, मग जो हरेल तो कोर्टात जाणार, आणि मग आमच्या जन्मात तरी हा अबोला सुटत नाही. ह्यांना म्हटलं, तुम्ही बोला की दोघांशी. म्हणाले, "बघू." कंपनीत सेकंड शिफ्ट मिळाली की ह्यांचं जगातलं सगळं "बघू" असतं.

मला अलका परत हवी आहे. १२ तारखेच्या आत. बास.


२२ फेब्रु. शनिवार

आबांसमोर भाषणाची तालीम केली. म्हटलं, आबांना कळलं तर गावाला कळेल.

मी: आज दिसतंय तेवढं सगळं विश्व तेव्हा एका दाण्यापेक्षाही लहान जागेत होतं, भयंकर तापलेलं.

आबा: "कुणाच्या जागंत?"

"कुणाच्याच नाही. जागासुद्धा तेव्हापासूनच सुरू झाली."

"आन् त्याच्या आधी?"

"आधी काय होतं ते कुणालाच ठाऊक नाही. आधी असं काही होतं का, हेही ठाऊक नाही."

"मूळ मालक न्हाई आशी जागा आसती व्हय कुठं? सातबाऱ्यावर पयलं नाव कुणाचं?"

"कुणाचंच नाही आबा."

"मंग वाटण्या कशा झाल्या?"

मी आपलं सांगितलं, की सगळं पसरत गेलं, निवत गेलं, मग तारे झाले, ताऱ्यांच्या झुंडी झाल्या, त्या आकाशगंगा, आणि त्या आजही एकमेकींपासून लांब लांब चालल्यात. आबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाले, "म्हंजी भाऊबंदकीच की."

वहीत लिहून ठेवलं. भाषणात वापरावं का, विचार चाललाय.


२५ फेब्रु. मंगळवार

विश्व पसरतं म्हणजे काय ते दाखवायला फुगा घेतला, त्यावर माझ्या टिकल्या चिकटवल्या. टिकल्या म्हणजे आकाशगंगा. फुगवला की टिकल्या एकमेकींपासून लांब जातात, पण स्वतः कुणी चालत नाही, मधलं रबर वाढतं. सुंदर प्रयोग. गोठ्याजवळ केला हे चुकलं. फुगा फुटला, चंद्रीनं लाथ मारली, दुधाची चरवी उपडी. आबा म्हणाले, "झाली का उत्पत्ती?"

शिवाय फुगा मागच्या रांगेला दिसणार नाही. मग चौकात इक्बालमामांकडे गेले, पंक्चरचं दुकान. ट्रॅक्टरची मागच्या चाकाची ट्यूब मागितली आणि हवेचा कॉम्प्रेसर. "कशाला मॅडम?" सांगितलं. म्हणाले, "न्या की. विश्वाच्या कामाला नाही कशाला म्हणू."

मामा पूर्वी टीव्ही दुरुस्त करायचे, पत्र्यावर चढून अँटिना फिरवून द्यायचे. त्यांना सांगितलं, मामा, जुन्या टीव्हीवर मुंग्या दिसायच्या ना खरखर करत, त्यातल्या काही मुंग्या म्हणजे विश्वाच्या सुरुवातीचा उजेड असायचा. पार तेव्हा निघालेला, थंड होत होत आपल्या अँटिनाला लागलेला.

मामांच्या हातातला पाना तसाच राहिला. "आन् मी निम्मी जिंदगी पत्र्यावर चढून तो घालवत हुतो?"

म्हटलं, पूर्ण गेला नाही मामा, अजून येतोय. त्यांना जरा बरं वाटलं.


२८ फेब्रु. शुक्रवार

झालं एकदाचं. हात दाखवून अवलक्षण. सविस्तर लिहिते, नाहीतर झोप लागायची नाही.

देवळाच्या सभामंडपात होतं, साडेपाचला. पहिला तासभर सत्कार. सरपंच, उपसरपंच, हेडसर, पत्रिका छापणारा, माईकवाला. शाल कमी पडली तर सरपंचांची काढून इक्बालमामांना घातली. मला बोलायला उरली वीस मिनिटं. विश्वाचं वय जवळजवळ चौदा अब्ज वर्षं, आणि सर घड्याळ दाखवतायत.

आबा पहिल्या रांगेत ह्या टोकाला, आप्पा त्या टोकाला. मधे अख्खं गाव.

ट्यूब मधोमध ठेवली, खडूनं खुणा केल्या, मामांनी पाइप लावला. हवा भरायला लागल्यावर लोक मागं मागं सरकायला लागले. बायकांनी कानावर पदर घेतले. पत्रिकेवर 'महास्फोट' छापलेलं ना! सगळे स्फोटाची वाट बघत होते. मी थांबवलं. म्हटलं, फुटणार नाही. तो फटाक्यासारखा स्फोट नव्हताच. एका जागी काहीतरी फुटलं आणि तुकडे उडाले, असं झालं नाही.

"फुटणारच न्हाई?" मागून कुणीतरी. बरेच लोक हिरमुसले. दोघंतिघं उठून गेले.

"मंग कुठं झालं त्ये?" सरपंच.

"सगळीकडे. सगळ्या जागा तेव्हा एकाच ठिकाणी होत्या. त्यामुळे अमुक एका गावात झालं असं नाही, सगळीकडेच झालं."

"म्हंजी आपल्या गावात बी?"

"आपल्या गावातही."

सरपंचांनी उपसरपंचांकडे पाहिलं. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

मग खुणा दाखवल्या. ही खूण चालली का? नाही. ती चालली का? नाही. मग अंतर का वाढलं? मधली जागा वाढली!

आणि आप्पा उभे राहिले. हात जोडून, अगदी अदबीनं. "मॅडम, म्हंजी दोन खुणांतलं अंतर वाढलं, आन् कुणी कुणाकडं सरकलंच न्हाई. आसं हुतं?"

मला इतका आनंद झाला! वीस मिनिटांत एका माणसाला तरी कळलं. माईकवरून, सगळ्या गावासमोर म्हटलं, "अगदी बरोबर आप्पा! शाबास!"

टाळ्या. आप्पांनी खाली बसता बसता आबांकडे पाहिलं आणि मिशीवरून हात फिरवला.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. बांध.

अलका बायकांमधे बसली होती. तिनं कपाळावर हात मारून घेतला. मी ट्यूबकडे बघत राहिले. आभार प्रदर्शनात सर म्हणाले, मॅडमनी गावाच्या रोजच्या जीवनाशी विषय जोडला.


१ मार्च, शनिवार

आबा माझ्याशी बोलत नाहीत.

सकाळी गोठ्यातून: "चंद्रे, सांग तुझ्या मॅडमला, च्या टाक म्हणावं. आन् गोड कर म्हणावं, तोंड कडू झालंय."

अठरा वर्षं ह्या घरात नांदले, आज म्हशीच्या मार्फत चहा मागितला गेला. रडूच आलं. चहा टाकला. साखर जास्त घातली.

आप्पा गावभर सांगत फिरतायत. "बांध कोरला कुणी? कुणीच न्हाई! जागा वाढली. सायन्स हाय. त्याच्याच सुनंनं माईकवर सांगितलं." कुणीतरी विचारलं, मग तुमचीच का वाढली, आबांची का नाही? तर आप्पा: "त्याची बी वाढली आसंल, ओढ्याच्या अंगानं. त्यानं जाऊन बघितलंय का?"

दुपारी आबा दिसेनात. ओढ्याच्या अंगानं बघायला गेले होते.


३ मार्च, सोमवार

शाळेत जाताना चौकात फ्लेक्स. 

'विश्वाची सुरुवात आपल्याच गावातून! समस्त ग्रामस्थांचे हार्दिक अभिनंदन!' वर सरपंच हात जोडून, त्यांच्यामागे आकाशगंगा. दोन्ही बाजूंना कार्यकर्ते, गॉगल लावलेले. खाली कोपऱ्यात मी, इलेक्शन ड्युटीच्या कार्डावरचा फोटो, त्यात मला ताप होता.

सरपंचांना फोन केला. "आहो, सगळीकडेच झाली म्हणाले होते मी!" ते म्हणाले, "सगळीकडं म्हंजी हितं बी आलंच की. खोटं काय लिव्हलंय?"

विचार केला. खोटं काही नाही लिहिलेलं.

संध्याकाळपर्यंत शेजारच्या गावानंही लावला. त्यात त्यांनी 'प्रथम' असा शब्द घातलाय.


५ मार्च, बुधवार

भाषणात राहिलेलं आज सांगून टाकलं. आबा ऐकणार नाहीत म्हणून गोठ्यात जाऊन चंद्रीलाच सांगितलं, मोठ्यानं, म्हणजे भिंतीच्या दोन्ही बाजूंना ऐकू जाईल असं.

"चंद्रे, ऐक. जागा वाढते ती लांब लांबच्या आकाशगंगांमधली. जवळच्या गोष्टी एकमेकींच्या ओढीनं धरलेल्या असतात, त्या लांब जात नाहीत. पृथ्वी फुगत नाही, चंद्र पळत नाही, तू फुगत नाहीस. बांध तर नाहीच नाही!" (खरं म्हणजे चंद्र वर्षाला बोटभर लांब जातो, पण ते भलत्याच कारणानं. म्हशीला किती सांगणार.)

अलीकडून आबा: "चंद्रे, इचार तिला, ह्ये त्या दिवशी माईकवर का न्हाई सांगितलं?"

"वेळ सत्कारात गेला आबा!"

पलीकडून आप्पा: "चंद्रे, माईकवर बोलल्यालं खरं. गोठ्यात बोलल्यालं धरत न्हाईत."

अगं बाई, काय माणसं आहेत! मी शेणाची पाटी आपटली आणि आत आले. अलकाचा मेसेज: 'ताई, हसू की रडू.' मी लिहिलं, तुला जे जमेल ते.


९ मार्च, रविवार. दौंड

वैतागून काल माहेरी आले. दौंडला आलं की बरं वाटतं, इथं सगळी माणसं आपली आपण बोलतात, म्हैस लागत नाही. आईला सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण तुला कुणी सांगितलं होतं विश्वात पडायला?"

आईला पुण्याला मावशीकडे जायचं होतं, गाडीत बसवून द्यायला गेले. पिशवी वर ठेवली, खिडकीशी टेकले. शेजारच्या रुळावर दुसरी गाडी उभी. एकदम ती हलली. की आपली? बघत राहिले. दौंड जंक्शनवर वाढलेली पोर मी, लहानपणापासून हा खेळ आवडीचा. मनात म्हटलं, बघ, आबा म्हणतात तो सरकला, आप्पा म्हणतात कुणीच नाही, आणि नुसतं ह्याच्याकडून त्याच्याकडे बघून कळतच नाही, कोण सरकलं ते. खाली जमिनीकडे बघायला हवं. किती छान उदाहरण! पुढच्या वर्षी नववीला सांगायचं.

आई म्हणाली, "अगं, गाडी सुटली."

आमचीच सुटली होती. पाटसला उतरले. तिकीट नाही, चपला घरातल्या. रिक्षा मिळेपर्यंत उन्हात उभी राहून विश्वाला मनापासून शिव्या दिल्या.


१२ मार्च, बुधवार

मोजणीचा दिवस. शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा.

मोजणीवाले साहेब तरुण, नम्र, डोक्यावर हॅट. काठीवर बसवलेलं यंत्र आणलं, रोव्हर म्हणतात. शेतात आबा इकडे, आप्पा तिकडे, मधे तो बांध. मी आणि अलका आपापल्या सासऱ्यांमागे. डोळ्यांनीच बोललो. तिचे डोळे सुजलेले होते. माझेही असणार.

आबांनी यंत्राभोवती एक चक्कर मारली. "साखळी कुठाय?"

"आता साखळी नसते बाबा. हे उपग्रहावरून मोजतं. वरून."

"वरनं?" आबांनी वर बघितलं. "कुठनं वरनं?"

"आकाशातून."

आबांनी मान हलवली. मला वाटलं, पटलं. पण नाही, डोक्यात गिरण सुरू झाली होती. "आकाशातनं मोजनार? आवो, तिथं तर सगळं पळतंय! रोज लांब चाललंय! हिथनं तिथवर जागा वाढली म्हंजी हिथलं माप चुकलं का न्हाई?"

साहेबांना काही कळेना. आणि पलीकडून आप्पा, भाऊ स्वतःच मागवलेली मोजणी अडवतोय म्हणून खूश व्हायचे सोडून, काठी आपटत पुढे आले. "बराबर हाय! हालत्या जागंवरनं माप घ्येत्यात व्हय कुठं? उद्या माझा बांध पार केंदूर गावात दाखवाल!"

"आजोबा, उपग्रह वेगळे, ते..." साहेब माझ्याकडे वळले. "मॅडम, फ्लेक्सवर तुमचाच फोटो ना? सायन्सच्या ना तुम्ही? सांगा यांना."

कपाळ माझं. दोन्ही म्हातारे माझ्याकडे बघतायत. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा एका बाजूला उभे होते. मी नुसतं "हो, जरा शंका आहे" म्हटलं असतं तरी काम झालं असतं. जिभेवर आलंही. पण वर्गात पोरांना काय तोंड दाखवायचं? म्हटलं, "आबा, आप्पा, साहेबांचं बरोबर आहे. उपग्रह पृथ्वीच्या जवळच फिरतात, पृथ्वीनं धरून ठेवलेत. विश्वाच्या पसरण्यानं त्यांच्या मापात काहीही फरक पडत नाही."

आबा: "बघा! आता ही आशी म्हणती! त्या दिशी सगळ्या गावाम्होरं काय म्हणाली?"

आप्पा: "मला म्हणाली, अगदी बराबर आप्पा."

आबा: "म्हणाली की. मी हुतो तिथं."

आप्पा: "टाळ्या बी वाजल्या."

आबा: "वाजल्या की रं."

अलकानं माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे. चंद्री घरी होती. दोघांच्या मधे कुणीच नव्हतं, आणि त्यांच्या ते लक्षातही आलं नव्हतं. 

आप्पा: "हिचं काय ऐकता साहेब, ही रोज बदलती."

तिथं माझं डोकं फिरलं. भाषणाचा, फ्लेक्सचा, पाटसच्या उन्हाचा सगळा राग एकदम बाहेर आला. "नका ऐकू माझं! विज्ञानात कुणाचं ऐकायचंच नसतं, मोजायचं असतं! बांधाच्या दोन बाजूंना दोन खुंट्या ठोका, तेवढी सुतळी कापा, आणि रोज बघा अंतर वाढतंय का. पण दोघांनी मिळून! एकट्यानं मोजलेलं कुणी धरत नाही!"

 आबा आप्पांकडे न बघता म्हणाले, "एकट्यानं मोजलं तर ह्यो ताणून मोजंल."

"तू काय कमी ताणशील?"

साहेबांनी लिहून घेतलं, अर्जदार आणि लगतधारक दोघांचाही हरकतीचा मुद्दा, एप्रिलअखेरची तारीख. जाताना मला हळूच म्हणाले, "मॅडम, आमच्याकडे असे प्रश्न सहसा येत नाहीत."


१३ मार्च, गुरुवार. होळी

काल संध्याकाळीच खुंट्या ठोकल्या. सुतळी आबांची, कोयता आप्पांचा.

आज पुरणपोळी. कटाची आमटी उकळत असताना अलकाची वाटी मांडणीवरून काढली, भरली आणि उघड्यावर, आबांच्या डोळ्यांदेखत भिंतीपाशी गेले. आबा बघत होते. काय म्हणतील ते म्हणोत.

आबा म्हणाले, "चंद्रे, सांग तिला, वर तुपाची धार सोड म्हणावं. त्याला आमटी तुपाबिगर जात न्हाई."

चंद्रीनं सांगायच्या आत मी तूप आणायला पळाले.


१८ मार्च, मंगळवार

रोज साडेपाचला दोघं शेतावर जातात. आबा इकडच्या खुंटीला सुतळी धरतात, आप्पा तिकडच्या. मग जागा बदलून पुन्हा, कारण विश्वास नाही. वाढलेलं नसतं. मग बांधावर बसून का वाढलं नाही यावर वाद. मग अंधार पडायला लागतो म्हणून घरी. बोलतात फक्त प्रयोगापुरतं, बाकी सगळं चंद्रीमार्फतच. पण चंद्रीचं काम कमी झालंय, दूध वाढलंय. (यातला कार्यकारणभाव तपासलेला नाही.)

आबांनी आज थेट मला विचारलं, "किती दिस मोजायचं गं ह्ये?"

मी खरं तेच सांगितलं. "आबा, जन्मभर मोजलंत तरी वाढणार नाही."

"तू म्हणतीस."

"मी म्हणते."

"मंग बघाय पायजेल," म्हणाले आणि टोपी घालून निघाले.


२८ मार्च, शुक्रवार

हाहाकार. वाढलं!

आबा धापा टाकत घरी. सुतळी खुंटीला पोचेना, दोन बोटं कमी पडली. मागोमाग आप्पा, भिंतीपलीकडून नाही तर सरळ आमच्या दारातून, उंबरा ओलांडून आत! कितीक महिन्यांनी. "वाढलं मॅडम! तुमचंच खरं! माईकवरचं!"

सुतळी हातात घेतली. ओली. आप्पांनी दुपारी भरणं दिलं होतं, पाणी खुंटीपर्यंत गेलेलं. सांगितलं, ताग भिजला की आखडतो. जागा वाढली नाही, सुतळी आखूड झाली.

आबा: "तरी म्हणलं! ह्यानं मुद्दाम पाणी लावलं!"

आप्पा: "गव्हाला पाणी लावलं, सुतळीला न्हाई!"

"मार्चअखेर गव्हाला पाणी? गहू काढायला आला की!"

"चाऱ्याच्या कडवळाला, कडवळाला!"

चांगलं अर्धा तास भांडले. तोंडावर, समोरासमोर, म्हैस न घेता. मी चहा टाकला. दोघांनी भांडता भांडता प्यायला. आप्पांच्या कपात साखर किती ते मी विसरले नव्हते.

ठरलं असं, की सुतळी बाद. लोखंडी टेप आणायचा, शिरूरहून. पण आणायचा कुणी? एकानं आणला तर दुसरा म्हणणार, टेपच खोटा.


३० मार्च, रविवार. गुढीपाडवा

सकाळी दोन्ही घरांच्या गुढ्या उभ्या राहिल्या. लोक पाडव्याच्या मुहूर्तावर सोनं घेतात, गाडी घेतात. आमच्याकडे मोजायचा टेप घ्यायला गेलेत.

अलकाची स्कूटी आप्पा चालवतायत, मागे आबा. निघताना आबा म्हणाले, "हळू घे. मागं मी हाय." आप्पा म्हणाले, "म्हणूनच हळू चाललीय, वजन बघ की तुझं." चौकात फ्लेक्सखालून गेले तेव्हा इक्बालमामांनी थांबवून दोन्ही चाकांत हवा भरून दिली.

चारचा चहा. भिंतीवर कोपरं टेकून, अलका तिकडे, मी इकडे.  तिनं वाटी परत दिली, श्रीखंडानं भरलेली. म्हणजे वाटी पुन्हा माझ्याकडे.

मग म्हणाली, "ताई, पण टेप आणल्यावर काय हो? टेप काय भिजून आखडत न्हाई. चार दिस बघतील, वाढलं न्हाई म्हणतील, आन् प्रयोग संपला. मंग हायेच एप्रिलची तारीख."

तेच माझ्या मनात सकाळपासून. म्हटलं, "टेप लोखंडाचा आहे. लोखंड उन्हानं वाढतं. दुपारी मोजलं तर एक, पहाटे मोजलं तर एक."

"किती वाढतं?"

"डोळ्याला दिसायचं नाही इतकं."

"मंग काय उपयोग?"

"त्या दोघांना दिसेल."

सातवीचं पुस्तक कपाटातून काढून ठेवलंय, उष्णतेचा धडा. आबांना आपणहून सांगायचं, की ते विचारेपर्यंत थांबायचं, एवढं ठरत नाहीये. मघाशी फोन केला तर मागे भेळवाल्याचा आवाज येत होता, आणि आबा कुणाला तरी म्हणत होते, त्याच्यात मिरची कमी टाका, त्याला सोसत न्हाई. सहा वाजले. अजून आले नाहीत.